पालथा पेला

रांग दारातून बाहेर पडली होती, भिंतीला धरून कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि तिथं वळून किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानापुढं जाऊन थांबली होती. अजून अकराही वाजले नव्हते. कुणी घडीची खुर्ची आणली होती, कुणी पुस्तक. एकानं तर चक्क उशी आणली होती.

"बाबा, फुकट वाटतात तिथंसुद्धा एवढी माणसं नसतात हो," सून म्हणाली. "आणि इथं विकत घ्यायला!"

मास्तरांनी काठी या हातातून त्या हातात घेतली आणि दारावरच्या पाटीकडं पाहिलं. पाटीवर एक चिमणी काढली होती, पेल्याच्या काठावर बसलेली.

मास्तरांनी उभ्या जन्मात शाळेत एक तास शिकवला नव्हता. चाळीस वर्षं ते बीअरच्या एका मोठ्या कारखान्यात चाखणीच्या टेबलाशी बसले. टाकीतला माल बाटलीत जायचा की गटारात, हे त्या टेबलावर ठरायचं, आणि टेबलावर शेवटचा शब्द त्यांचा. हाताखाली शिकून गेलेली पोरं त्यांना मास्तर म्हणू लागली, तेच नाव चिकटलं. कामगार गमतीनं म्हणायचे, आधी नाक येतं, मग घटकाभरानं मास्तर येतात.

त्या नाकाला नऊ महिन्यांपूर्वी कुलूप लागलं होतं. थंडीत ताप आला, आठ दिवस राहिला आणि गेला. पाहुणा जावा आणि जाताना देवळीतला दिवा घेऊन जावा, तसा तो ताप वास घेऊन गेला. आधी मास्तरांना वाटलं, सर्दी आहे, उतरेल. मग वाटलं, उन्हाळा आला की उतरेल. आता ते रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून घेत आणि तीन वस्तू हुंगत: साबणाची वडी, कॉफीची डबी, बूटपॉलिश. साबण दगडासारखा. कॉफी मातीसारखी. बूटपॉलिश तर डबीच रिकामी असावी तशी. मग तोंड धुऊन, भांग पाडून ते बाहेर यायचे, जणू काही झालंच नाही.

कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगा बोटीवर नोकरीला; महिन्यातून एकदा त्याचा फोन यायचा, त्याला काय सांगायचं? घरात सून. ती लॉन्ड्रीच्या गल्ल्यामागं दिवसभर दुसऱ्यांचे कपडे मोजून घ्यायची, डाग शोधायची, पावत्या फाडायची. तिच्या जिवाला आधीच काय थोडे घोर होते!

आणि मग मागच्या आठवड्यात चिमणीचा निरोप आला.

चिमणी म्हणजे या ब्रुअरीची मालकीण. वीस वर्षांपूर्वी ती कारखान्यात शिकायला आली तेव्हा पेल्यातनं इवलासा घोट घ्यायची आणि मान वर करून गिळायची. मास्तर म्हणाले, ही कोण चिमणी आणून बसवली माझ्या टेबलावर? झालं. तेव्हापासून ती चिमणी. आता तिच्या बीअरसाठी लोक दोन दोन तासांचा प्रवास करून येत होते. निरोप एवढाच होता: मास्तर, एकदा येऊन जा. एका गोष्टीत तुमच्या शब्दाशिवाय माझं पाऊल पुढं पडत नाही.

नाही म्हणता आलं असतं. गुडघा दुखतो म्हणून सांगता आलं असतं. पण नऊ महिन्यांत कुणी त्यांना तुमचा शब्द हवा असं म्हटलं नव्हतं, आणि त्या एका वाक्यापायी मास्तरांनी कपाटातला इस्त्रीचा सदरा बाहेर काढला.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. दारातून आत गेल्यावर समोरच्या भिंतीवर काळा फळा दिसला, खडूनं लिहिलेला. सून मोठ्यानं वाचू लागली.

"साधी सोनेरी, एकशे ऐंशी. काळी, अडीचशे. आंबट लाल, तीनशे वीस. अगं आई गं! बाबा, आमच्याकडं एक चादर धुऊन इस्त्री करून पन्नासला मिळते. म्हणजे ही सोनेरी साडेतीन चादरींची झाली."

"आणि आंबट साडेसहा चादरींची," मागचा उशीवाला माणूस हसून म्हणाला. "पण बाई, चादर पिता येत नाही."

"पिता येत नाही, पण वर्षभर अंगावर तरी राहते. हे तासाभरात जायचं."

उशीवाल्यानं हात जोडले. फळ्याच्या तळाशी एक ओळ अर्धीच होती. 'लाकडी पिंपात दोन वर्षं मुरलेली', आणि पुढं किमतीची जागा कोरी.

गल्ल्यावरच्या मुलीनं मास्तरांना ओळखलं असावं. बाई मागं आहेत, आत्ता येतील, तोवर बसा, असं म्हणून तिनं दोघांपुढं एक छोटी फळी ठेवली. फळीवर बोटभर बीअरचे दोन लहान पेले. सुनेनं आपला पेला नुसताच हातात धरला. ती कधी पीत नसे. उशीवाला शेजारच्या बाकावर टेकला आणि मास्तरांच्या हाताकडं पाहू लागला, कारण मास्तरांनी पेला ज्या रीतीनं उचलला ती रीतच सांगत होती की हा हात नुसता पिणाऱ्याचा नव्हे.

टेबलावर शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडून मास्तरांनी दोन ओळी घोकून घेतल्या होत्या:

आधी डोळ्यांनी पाहावं, मग नाकानं पुसावं,
मग जिभेनं जोखावं, तेव्हा तोंडानं बोलावं.

मास्तरांनी पाहिलं. सोनेरी, नितळ, फेस दाट. मग पेला नाकाशी नेला. नाकानं पुसलं, पलीकडून उत्तर आलं नाही. जिभेनं जोखलं. जीभ बिचारी चार-दोन गोष्टीच जाणते: कडू, गोड, आंबट, खारट. बाकी सगळी गाणी नाकाची. जिभेनं सांगितलं, थोडं कडू, किंचित गोड. उरलेलं मास्तरांनी आठवणीतून काढलं.

"ताज्या पावाची कड," ते म्हणाले. "आणि मागून मध."

उशीवाल्यानं घाईघाईनं आपल्या पेल्यात नाक घातलं. "मध! अहो, अगदी मध! तीनदा आलो इथं, पण आज कळलं."

सुनेनं हळूच आपला पेला हुंगला. मग तिनं फळ्याकडं पाहिलं. साध्या सोनेरीच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: संत्र्याची साल घालून. तिनं पेला खाली ठेवला आणि सासऱ्यांच्या सदऱ्याची कॉलर उगीच नीट केली.

"मास्तर!"

चिमणी आली. केसांना फडकं बांधलेलं, पायात गमबूट, हात कोपरापर्यंत ओले. ती वाकून पाया पडायला गेली तशी मास्तरांनी तिला खांद्याला धरून उभं केलं.

"वजन वाढलंय तुझं, चिमणे."

"आता चिमणीची कोंबडी झाली म्हणा, मास्तर." ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "चला मागं. वहिनी, तुम्हीपण या. थंड आहे हं आत, पदर गुंडाळून घ्या."

मागची खोली लांबट होती, बिनखिडकीची. फरशी ओली, कोपऱ्यात गारवा करणारं यंत्र घरघरत होतं. भिंतीला लागून सहा पिंपं आडवी मांडलेली आणि प्रत्येकावर खडूनं आकडा. पूर्वी अशा खोलीत पाय ठेवला की मास्तरांच्या नाकात बाजार भरायचा: इथं भाजलेली बार्ली, तिथं हॉप्सची कडवट फुलं, पलीकडं ओलं लाकूड, मधूनच यीस्टची आंबूस हाक. आज सगळी दुकानं बंद. गालाला नुसता गारवा लागला.

चिमणी सांगू लागली. "सहा पिंपं आहेत. दोन वर्षं झाली. उद्या सकाळी सहाच्या सहा एका टाकीत एकत्र करायची आणि परवापासून विकायची. पण यातलं एक पिंप बिघडलंय. म्हणजे, मला वाटतं बिघडलंय. परवा वाटलं, काल वाटलं नाही, आज पुन्हा वाटतंय. एक नासकं सहांत मिसळलं तर सहाही गेली."

"मग उरलेली पाच मिसळ."

"कुठलं ते नक्की कळायला नको? आमचे भावोजी म्हणतात, फळ्यावर पेल्याला नऊशे लिहू."

"अठरा चादरी," सून पुटपुटली.

"नऊशे म्हटल्यापासून माझं नाक बावचळलंय, मास्तर. पेला नाकाशी नेला की पहिला नऊशेचाच वास येतो. बीअरचा येतच नाही."

तेवढ्यात भावोजी आले. चिमणीच्या नवऱ्याचे धाकटे भाऊ; ब्रुअरीची यंत्रं आणि हिशेब दोन्ही त्यांच्याकडं. खांद्यावर फडकं, हातात पेल्यांचा ट्रे. त्यांनी मास्तरांना वाकून नमस्कार केला.

"तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय! वहिनी म्हणतात, मास्तरांनी डोळे मिटून टाकीचा नंबर सांगितला होता एकदा."

"दोनदा," चिमणी म्हणाली.

टेबल मांडलं गेलं. पोरीनं सगळं जुन्या टेबलासारखं मांडलं होतं. प्रत्येकापुढं सहा पेले, बुडाला आकडा. एकेक कागदाची चिठ्ठी, एकेक पेन्सिल. ज्यानं त्यानं आपलं लिहायचं, मग एकदम उघडायचं. आणि उजव्या हाताला एक सातवा पेला, रिकामा.

तो सातवा पेला मास्तरांचाच नियम. माणसाचं नाक एखाद्या दिवशी साथ देत नाही. सर्दी असते, घरात भांडण झालेलं असतं, कुणी गेलेलं असतं. त्या दिवशी बसण्याआधी त्यानं आपला रिकामा पेला पालथा घालायचा आणि उठून जायचं. कुणी कारण विचारायचं नाही, कुणी हसायचं नाही, पगार कापायचा नाही. चाळीस वर्षांत कितीतरी जणांनी पेला पालथा घातला. मास्तरांवर मात्र ती वेळ एकदाही आली नव्हती.

त्यांचा हात त्या पेल्यावर गेला. काच गार होती. नुसतं मनगट फिरवायचं होतं.

"दोनदा, डोळे मिटून!" भावोजी कौतुकानं सुनेला सांगत होते. "मी म्हटलं, आज आपणही बघू."

मास्तरांनी हात काढून घेतला आणि खुर्ची पुढं ओढली.

एक. पाहिलं, हुंगलं, घोट घेतला, बादलीत थुंकलं. दोन. तीन. जिभेला सगळीकडं तेच: मऊ कडवटपणा, शेवटी हलका गोडवा. चार. कान टवकारून ते फेसाची कुजबुज ऐकत होते. आंधळ्या म्हाताऱ्यानं पावलांवरून घरातली माणसं ओळखावीत, तसं काहीतरी चाललं होतं. पाच. पाचव्या पेल्यावरचा फेस बसला होता. बाकीच्यांवर बोटभर साय आणि यावर नुसती दोन-चार बुडबुड्यांची टिकली. सहावा दाट.

बिघडलेल्या मालाचा फेस बसू शकतो. बसतोच असं नाही, पण बसू शकतो. बुडत्याला काडी दिसली.

त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: पाच.

पलीकडं चिमणी अजून हुंगत होती. एका पेल्यापाशी ती परत परत येत होती, डोळे मिटत होती, भुवया जवळ आणत होती. शेवटी तिनंही लिहिलं.

"उघडा," भावोजी म्हणाले.

मास्तरांनी चिठ्ठी उलटली. चिमणीनं ती वाचली. तिचा चेहरा आधी उतरला आणि मग, का कोण जाणे, शांत झाला. ओझं दुसऱ्यानं घेतलं की होतो तसा. तिनं स्वतःची चिठ्ठी न उघडताच मुठीत चुरगळली.

"भावोजी, पाच नंबर. ओतून टाका."

"दोन वर्षं, वहिनी. साडेतीनशे पेले निघाले असते त्यात."

"मास्तर म्हणाले ना पाच? मग पाच."

भावोजींनी सुस्कारा सोडला. पिंपाखाली नळी सरकवली, तिचं दुसरं टोक मोरीत सोडलं आणि लाकडी हातोडा उचलला. बूच घट्ट होतं. पहिला घाव बसला. खोलीत तो आवाज घुमला.

मास्तर चिमणीच्या मुठीकडं पाहत होते.

"चिठ्ठी दाखव."

"राहू द्या ना, मास्तर."

"चिमणे, चिठ्ठी दाखव."

दुसरा घाव. बूच कुरकुरलं. चिमणीनं मूठ उघडली. चुरगळलेल्या कागदावर एकच आकडा, पेन्सिल दोनदा गिरवलेली: तीन.

वीस वर्षांपूर्वी याच पोरीनं भर टेबलावर त्यांच्या विरुद्ध आकडा लिहिला होता, आणि ती बरोबर निघाली होती. त्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं होतं, माझ्यानंतर हिचं नाक. आणि आज ते नाक आपला आकडा मुठीत दाबून बसलं होतं. एका म्हाताऱ्याच्या थापेपुढं.

भावोजींनी तिसऱ्यांदा हातोडा उचलला.

"थांबा," मास्तर म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही. मग ते उठून उभे राहिले. "थांबा हो! मारू नका."

त्यांनी उजव्या हाताचा रिकामा पेला घेतला आणि टेबलावर पालथा घातला. काचेची कड लाकडावर टेकली, एवढाच आवाज.

चिमणीचा हात तोंडाशी गेला.

"म्हणजे काय?" भावोजी हातोडा तसाच धरून म्हणाले. "काय झालं?"

"विचारायचं नसतं, भावोजी," चिमणी हळू म्हणाली.

"विचारायचं नसतं, खरंय," मास्तर म्हणाले. "तो नियम मीच केला. पण तो आधी पालथा घालणाऱ्यासाठी आहे. मी नंतर घातला. तेव्हा मला सांगायलाच हवं." त्यांनी टेबलाची कड धरली. "मला वास येत नाही. नऊ महिने झाले. फुलाचा येत नाही, धुराचा येत नाही, कशाचाच नाही. पाच मी फेस बघून लिहिला. अंदाजानं. तुमचं चांगलं पिंप मी गटारात घालत होतो आणि नासकं मागं ठेवत होतो."

यंत्र घरघरत राहिलं. भावोजींचा चेहरा लाल झाला होता.

"अहो, आधी बोलायचं ना! आमचं दोन वर्षांचं..."

"भावोजी."

"बोलू दे त्यांना," मास्तर म्हणाले. "त्यांचं बरोबर आहे. इथं मला कुणी ओढून आणलं नव्हतं. चिमणीला माझा शब्द हवा होता, आणि मलाही तो अजून माझ्याकडं आहे असं वाटून घ्यायचं होतं."

चिमणीनं मास्तरांपुढचा पाचवा पेला उचलून दिव्यापुढं धरला. काचेला आतून पुसट तेलकट पट्टा होता.

"भावोजी, हा कशानं पुसलात?"

भावोजींनी खांद्यावरच्या फडक्याकडं पाहिलं. सकाळीच त्यांनी यंत्राच्या साखळीला ग्रीस लावलं होतं. त्यांचे कान आता वेगळ्या कारणानं लाल झाले.

"तेलकट काचेवर फेस टिकत नाही," मास्तर म्हणाले. "पहिल्या दिवशी शिकवायचो मी हे. नाक गेलं ते तापानं. पण डोळे शाबूत होते ना? ते भीतीनं नेले."

त्यांना बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. सून दाराशी होती ती पुढं आली आणि तिनं काही न बोलता खुर्ची त्यांच्या पायांना लावली. ते बसले.

"मग तीन?" चिमणीनं विचारलं.

"मला विचारू नकोस."

"मग कुणाला विचारू, मास्तर?"

त्या प्रश्नात मालकीण नव्हती, फळा नव्हता, नऊशे नव्हते. पहिल्या दिवसाची पोर होती.

"एका नाकावर पिंप ओतायचं नाही, हा माझा दुसरा नियम," मास्तर म्हणाले. "दुसरं नाक हवं. ज्याला किंमत माहीत असली तरी जे तिला भीत नाही असं." त्यांनी मान वळवली. "सूनबाई."

"मी? अहो बाबा, काहीतरीच! मी कधी ओठाला लावली नाही ती."

"ओठाला लावू नकोस. नाकाला लाव. तू गल्ल्यावर गाठोडं सोडतेस तेव्हा काय करतेस?"

"हुंगते. कुणी भिजकं कोंबून आणतं, कुणी मांजरानं घाण केलेलं."

"तेच कर."

चिमणीनं नवे पेले धुतले, स्वच्छ पंच्यानं कोरडे केले, पुन्हा सहाही भरले आणि पाठ करून त्यांची जागा बदलली. आकडे बुडाला, कुणाला दिसू नयेत असे. सुनेनं पदर खोचला. हात मागं बांधून ती वाकली, देवघरात वाकावं तशी.

"पहिला... हा बरा आहे. कोरं लाकूड. नवीन कपाट उघडलं की येतो तसा."

मास्तरांनी डोळे मिटले होते. "आणि मागं?"

"मागं काहीतरी गरम. थांबा हं. इस्त्री! सुती चादरीवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की वाफ येते ना, ती."

"जळकं?"

"छे, जळकं नाही. जळायच्या बरंच अलीकडं."

मास्तरांनी मान डोलावली. पिंप करताना आतून लाकूड शेकतात, ते शेकणं बोलत होतं. त्यांना वास आला नाही. पण कुणीतरी दाराबाहेर उभं राहून आतलं सांगावं, तसं कळलं.

दुसरा तसाच. तिसऱ्यापाशी ती म्हणाली, यात सुकलेलं फळ आहे, मनुका असेल. चौथ्यापाशी वाकली आणि तिनं लगेच मान मागं घेतली.

"हे परत द्या धुवायला."

"काय झालं?" चिमणीनं विचारलं.

"कपडा ओला असताना घडी घालून ठेवलाय कुणीतरी. वरून छान, आतून कुबट. गिऱ्हाईक म्हणतं, अहो, कालच धुतलंय. पण घडी उलगडली की लपत नाही हो." तिनं पुन्हा एकदा हुंगलं, नाक मुरडलं. "शंभर धुण्यांत ओळखीन मी हा वास."

पाचवा आणि सहावा तिनं बरे म्हणून सोडून दिले. चिमणीनं चौथ्या जागेवरचा पेला उचलला आणि बूड सगळ्यांना दाखवलं.

तीन.

भावोजी खाली बसले. मग उठले, तीन नंबरच्या पिंपाकडं हातोडा घेऊन निघाले. चिमणीनं त्यांच्या हातातून तो घेतला.

"हे मी करते."

तिनं तीन घाव घातले. बूच निघालं आणि दोन वर्षं मोरीच्या दिशेनं वाहू लागली. बराच वेळ लागला. मास्तर ऐकत होते. आधी घोषात, मग धारेत, मग थेंबांत. चांगल्या मालाचा आणि नासक्याचा आवाज सारखाच असतो. चिमणी पिंपावर हात ठेवून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसत नव्हती.

थेंब थांबल्यावर भावोजी घसा खाकरून म्हणाले, "एक पिंप गेलं. आता पाचांतच वसुली. वहिनी, नऊशेचे अकराशे करावे लागतील."

चिमणीनं मास्तरांकडं पाहिलं.

"मी किंमत करणार नाही," मास्तर म्हणाले. "ज्याचा वास मला येत नाही त्याचं मोल मी कसं करू? पण एक सांगतो. मघाशी बाहेर मी एकाला सांगितलं, यात मध आहे. नव्हता मध. तरी त्याला तो लागला. फळ्यावर तू जे लिहिशील ते लोकांना लागेल, चिमणे. नऊशे लिहिलंस तर नऊशेची लागेल, अकराशे लिहिलंस तर अकराशेची. म्हणून तू आधी हुंग, मग लिही."

चिमणीनं पहिला पेला घेतला. या वेळी तिनं घाई केली नाही. पाहिलं, पुसलं, इवलासा घोट घेतला आणि मान वर करून गिळला.

"सहाशे," ती म्हणाली. "चांगली आहे. फार चांगली आहे. पण सहाशेची आहे."

"वहिनी!"

"सहाशे, भावोजी. पुढल्या वेळी लाकूड बघून घेऊ."

"बारा चादरी," सून म्हणाली. "महागच आहे. पण निदान घडी कोरडी आहे."

भावोजींना हसू आवरलं नाही, आणि ते आवरलं नाही म्हणून त्यांना रागही आला.

निघताना चिमणीनं टेबलावरचे सगळे पेले गोळा केले. पालथ्या पेल्याला तिनं हात लावला नाही. तिनं मास्तरांना दवाखान्याबद्दल विचारलं नाही, औषधाबद्दल विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "येत जा. वहिनींना घेऊन."

बाहेर रांग तशीच होती. उशीवाला दुसरा पेला घेऊन बाकावर बसला होता.

"काय मास्तर, लाकडी पिंपातली कशी निघाली?"

मास्तर त्याच्यापुढं थांबले. "चांगली आहे म्हणतात. मला वास येत नाही हो. मघाचा मध माझ्या आठवणीतला होता. फळ्यावर लिहिलंय बघा, त्यात संत्र्याची साल आहे, ती शोधा."

उशीवाला पेल्याकडं आणि मास्तरांकडं आळीपाळीनं पाहत राहिला. "पण मला तर मध लागला होता!"

"लागला असेल. माफ करा."

रस्त्यावर ऊन उतरलं होतं. दोघं किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावरून, शिंप्याच्या दारावरून चालत निघाले. मास्तरांनी पावलं हळू केली.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"दूध करपलं त्या दिवशी. तुम्ही ओट्याशेजारी बसून पेपर वाचत होतात. घरभर जळका वास, आणि तुम्ही कोडं सोडवताय."

"बोलली नाहीस."

"रोज सकाळी बूटपॉलिशची डबी न्हाणीघरात का जाते, हे काय विचारायचं, बाबा? तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल."

मास्तरांनी काठी पुढं टाकली. पुढची दहा पावलं त्यांना नीट दिसली नाहीत.

कोपरा वळल्यावर सुनेनं त्यांच्या कोपराला हात लावला. "उजव्या हाताला बेकरी आहे. पाव आत्ताच निघालेत."

ते थांबले. समोर काचेमागं पाव मांडले होते. त्यांनी सवयीनं श्वास घेतला, आणि काहीच आलं नाही.

"कसे भाजलेत?" त्यांनी विचारलं.

तिनं नाक वर केलं, थोडं थांबली. "मधे बरोबर. कडेला जरा जास्त."

"कडेचा घेऊ," मास्तर म्हणाले.